जुन्या आर्केड गेम्सचे संग्रह आजही विकत घेण्यासारखे आहेत का?

माडाची_सावली, म्हापसा · ९ ऑगस्ट
यंदा चवथीला आम्ही तिन्ही भाऊ पेडण्याच्या मूळ घरी एकत्र असू. धाकटा दुबईहून सहा वर्षांनी येतोय. लहानपणी आमचं तिघांचं एकच ठिकाण होतं, म्हापशातलं एक व्हिडिओ गेम पार्लर. शुक्रवारी आई बाजाराला यायची आणि आम्ही पिशव्या धरायला. तिची खरेदी आटपेपर्यंत प्रत्येकाला एक रुपया मिळायचा. तीन रुपयांत तिघे एकाच मशीनसमोर खांद्याला खांदा लावून मुस्तफा खेळायचो, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स. मधल्याला टोपीवाला मुस्तफाच हवा असायचा, धाकट्याला जॅक. मी थोरला, म्हणून उरेल तो माझा. रुपया संपला की थेट पुढचा शुक्रवार.

आता घरी लॅपटॉप आहे, टीव्ही आहे. स्टीमवर, म्हणजे गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, बघितलं तर जुन्या आर्केड गेम्सचे संग्रह भरपूर दिसतात. मुस्तफावाल्या कॅपकॉम कंपनीचे चार-पाच, पॅकमॅनचा एक, अटारीचा एक. बायको म्हणते फोनवर सगळं फुकट मिळतं, त्याला पैसे कशाला. मला ठरवता येत नाही. ज्यांनी घेतलेत त्यांनी सांगा, खरोखर खेळले जातात की एकदा उघडून पडून राहतात? आणि तिघांना एकत्र खेळता येईल असा कुठला?

घाटावरचा, कोल्हापूर · ९ ऑगस्ट
मॅम उतरवा, रॉम शोधा, विषय संपला. तीस वर्षं जुन्या गेमला पैसे कोण देतं?

नवा_पाटो, पणजी · ९ ऑगस्ट
घाटावरचा, दोन गोष्टी एकत्र करू नका. मॅम हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची संगणकावर नक्कल करणारा कार्यक्रम, १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने सुरू केला आणि २०१६ पासून तो पूर्णपणे मुक्तस्रोत आहे. तो वापरण्यात काही गैर नाही. प्रश्न रॉमचा, म्हणजे मशीनच्या चिपमधून उतरवलेल्या गेमच्या प्रतीचा आहे. त्यातला कार्यक्रम आणि चित्रं कंपनीच्या मालकीची आहेत, गेम कितीही जुनी असो.

आणि हे विकतचे संग्रह आतून बहुतेक एम्युलेटरवरच चालतात. मग पैसे कशाचे? हक्काचे, आणि तयार मांडणीचे. मी मॅमवर दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. रॉमची आवृत्ती एम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळली नाही की गेम उघडतच नाही. चवथीच्या आदल्या रात्री माणसाने गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची की रॉम जुळवायची? ज्याला हाताशी वेळ आहे त्याची गोष्ट वेगळी.

डिचोलीकर · १० ऑगस्ट
माडाची_सावली, वाईट बातमी मीच देतो. मुस्तफा कॅपकॉमच्या बीट एम अप बंडल या मारामारीच्या गेम्सच्या संग्रहात नाही आणि त्यांच्याच आर्केड स्टेडियम या संग्रहाच्या दोन्ही भागांतही नाही. १९९३ ची ही गेम मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवर बेतलेली आहे, वर नावात एका मोटार कंपनीचा ब्रँड. एकट्या कॅपकॉमच्या मर्जीने ती परत विकता येत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली जी गेम होती नेमकी तीच कुठे विकत मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आशा सोडू नका मात्र. त्याच वर्षीची कॅपकॉमचीच पनिशर ही गेम अशीच हक्कांत अडकली होती. ती २०२४ च्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम संग्रहात आली, तीसुद्धा मूळ आर्केडची.

माडाची_सावली, म्हापसा · १० ऑगस्ट
मुस्तफा नाही? मी तर तेच गृहीत धरून बसलो होतो. भावांना अजून सांगितलेलं नाही.

केळीचं_पान, फोंडा · १० ऑगस्ट
त्या पार्लरच्या शेजारी रस ऑम्लेटचा गाडो होता का हो? आमच्याकडे फोंड्यात होता. गेम खेळून झाली की खिशात पैसे नसायचे आणि शाकुतीच्या रश्श्याचा वास मात्र सायकलवर घरापर्यंत यायचा. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण चवथीआधी श्रावण चालू आहे आणि मला तोच वास आठवतोय.

गावठाण_४०३, म्हापसा · १० ऑगस्ट
माझ्या वडिलांना वाटायचं की पार्लर म्हणजे मटक्याचा अड्डा. एकदा मला कानाला धरून बाहेर काढलं होतं. मागच्या वर्षी त्यांना गलागा ही जुनी आर्केड गेम दाखवली. म्हणाले, एवढंच होतं होय? आणि मग अर्धा तास स्वतःच खेळत बसले.

मूळ प्रश्नावर: घ्या, पण सेलमध्ये. सेलला मोठमोठे संग्रह दोन माणसांच्या मासळीच्या थाळीच्या भावात येतात.

उभा_पडदा, वास्को · ११ ऑगस्ट
माझा अनुभव कडू आहे, तो लिहितो म्हणजे इतरांचे पैसे वाचतील. एका संग्रहावर मी पूर्ण किमतीचे पैसे घातले. नाव लिहीत नाही. उडी मारण्याचं बटण दाबलं की पात्र जरा थांबून उडायचं. मी स्वतःलाच दोष देत होतो, वय झालं, बोटं मंद झाली म्हणून. मग त्याच लॅपटॉपवर दुसरी गेम लावली तर बोटं एकदम ठीक.

या गेम्स सेकंदाला साधारण साठ चित्रं दाखवतात, म्हणजे एका चित्राला जवळजवळ १७ मिलिसेकंद. टीव्हीने चित्र सुंदर करण्याच्या नादात १०० मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही सहा चित्रं मागे खेळताय. पार्लरच्या जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये हा उशीर जवळपास नव्हताच. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावा, त्याशिवाय कुठल्याही संग्रहाबद्दल मत बनवू नका. माझ्या बाबतीत गेम मोड लावूनही फरक पडला नाही, दोष संग्रहातच होता.

स्टीमवर घेत असाल तर पहिल्याच दिवशी नीट तपासा. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. मी तीन तास खेळून गेलो होतो.

नवा_पाटो, पणजी · ११ ऑगस्ट
उभा_पडदा यांच्या पोस्टला पुरवणी. कॅपकॉम आर्केड स्टेडियम फुकट उतरवता येतं, त्यात १९४३ ही विमानाची गेम मोफत आहे. बाकीच्या सुट्या विकत. आधी त्यावर तुमचा टीव्ही आणि पॅड, म्हणजे हातात धरायचा कंट्रोलर, तपासून घ्या, खिशाला हात न लावता.

सोल्डरचा_वास, मडगाव · ११ ऑगस्ट
मी १९९१ ते २००४ या काळात दक्षिण गोव्यात ही मशीनं दुरुस्त करायचो. इथली चर्चा दोन दिवस वाचतोय, आज लिहायला बसलो.

कॅबिनेट बहुतेक इथल्याच सुतारांनी केलेली असायची, प्लायवूडची. पहिल्याच पावसाळ्यात तळ फुगायचा. मग आम्ही चारही कोपऱ्यांखाली विटा द्यायचो. समुद्रावरची खारी हवा लागली की बोर्डाच्या कडेचे तांब्याचे पट्टे हिरवे पडायचे. त्या कडेला ५६ टोकांचा जोड असतो, त्याला जामा म्हणतात. १९८० च्या दशकात हा जोड एकसारखा ठरला, म्हणून एकाच कॅबिनेटमध्ये आज ही गेम, उद्या ती गेम बसवता यायची. पट्टे हिरवे पडले की चित्रातला एखादा रंग गायब किंवा एक बटण बंद. मालक घाबरून फोन करायचा. मी माझ्या मुलाच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन जायचो. पट्ट्यांवर घासलं, फुंकर मारली, बोर्ड परत खोचला की मशीन चालू. जुलै-ऑगस्टात आत ६० वॉटचा बल्ब रात्रभर पेटता ठेवायला सांगायचो, म्हणजे आतली हवा कोरडी राहायची.

खरं दुखणं बॅटरीचं. कॅपकॉमने १९९३ पासून सीपीएस-टू नावाचे बोर्ड आणले. नकला होऊ नयेत म्हणून आतला कार्यक्रम कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली गेली. मशीन चालू केलं तर नुसता एकरंगी पडदा. चांगला धडधाकट बोर्ड, एकही भाग जळलेला नाही, आणि तो मेलेला. माझ्या हातात असे दोन बोर्ड मेले. आम्हाला तेव्हा कारणही माहीत नव्हतं, मी आठवडाभर पॉवर सप्लाय तपासत बसलो होतो. पुढे जगभरच्या हौशी लोकांनी मेहनतीने ती कुलपं उघडली आणि असे बोर्ड पुन्हा जिवंत करायची सोय झाली.

म्हणून मला विचाराल तर संग्रह घ्यावेत. ज्याने या गेम्स हाताने वाचवल्या आहेत त्याला त्या दुकानात नीट मांडलेल्या दिसल्या की बरं वाटतं. स्ट्रीट फायटर अल्फाचा जो बोर्ड माझ्या टेबलावर मेला, ती गेम २०१८ च्या तिसाव्या वर्षाच्या संग्रहात आहे. मुलाने घेऊन दिला. मी खेळण्यात तरबेज नाही, पण पहिल्यांदा ती पूर्ण शेवटपर्यंत पाहिली.

केळीचं_पान, फोंडा · ११ ऑगस्ट
सोल्डरबाब, खोडरबराचं वाचून हात जोडले. असं अजून लिहा.

डिचोलीकर · १२ ऑगस्ट
काका, एक शंका. काही पार्लरमध्ये तीच गेम जास्त कठीण का असायची? म्हापशात जो राक्षस मी सहज मारायचो तोच डिचोलीत मला लोळवायचा.

सोल्डरचा_वास, मडगाव · १२ ऑगस्ट
बोर्डावर छोट्या पांढऱ्या बटणांची पट्टी असते, डिप स्विच. किती लाइफ द्यायच्या, गेम किती अवघड ठेवायची, किती गुणांना एक लाइफ बक्षीस, सगळं त्यावर. मालक सांगेल तसं आम्ही लावायचो. डिचोलीचा मालक हिशेबाला पक्का असणार. बऱ्याच संग्रहांत ही पट्टी पडद्यावर दिलेली असते, एकदा हलवून बघा.

वाळवंटीकाठ, साखळी · १२ ऑगस्ट
वेगळा सूर लावते. मी लढायांच्या गेम्स कधीच खेळले नाही, पार्लरमध्ये मुली जायच्याच नाहीत. मला या गेम्स पस्तिशीत मिळाल्या, अटारी ५० या २०२२ च्या संग्रहातून. तो नुसता गेम्सचा ढीग नाही. काळाची एक रेघ आहे, तिच्यावरून पुढे सरकत जायचं. १९७२ चा पाँग येतो, कागदावरची मूळ रेखाटनं येतात, ज्यांनी गेम्स केल्या ती माणसं समोर बसून बोलतात, आणि वाचता वाचता ती गेम तिथेच खेळता येते. १९८१ ची सेंटिपीड डोना बेली आणि एड लॉग या दोघांनी केली हे मला तिथे कळलं. आर्केडच्या त्या काळात एक बाई असा कार्यक्रम लिहीत होती, हे माझ्या नववीतल्या मुलीला मी मुद्दाम वाचून दाखवलं. तिने शाळेच्या संगणकाच्या बाईंना जाऊन सांगितलं.

एक अडचण. सेंटिपीड मुळात ट्रॅकबॉलवर, म्हणजे तळहाताने फिरवायच्या चेंडूवर होती. पॅडच्या काडीवर ती खेळायला गेलात तर जीव मेटाकुटीला येतो. माउस लावा, लगेच मजा येते.

पाच_मुखी, सावंतवाडी · १२ ऑगस्ट
माझ्या मुलाने पॅकमॅन दहा मिनिटं खेळून बंद केली. आताच्या मुलांना हे पचत नाही. आपल्या आठवणींसाठी त्यांना का छळायचं? मी पैसे घालवले आणि पुन्हा घालवणार नाही.

फिरता_भूत, पणजी · १३ ऑगस्ट
पाच_मुखी, तुमच्या मुलाला भुतं कशी चालतात ते सांगितलंत का? मी प्रोग्रामर आहे, मला त्या एका गोष्टीने वेड लावलं. १९८० साली तोरू इवातानी यांनी पॅकमॅन केली तेव्हा चारही भुतांना वेगवेगळा स्वभाव दिला. लाल भूत थेट तुमच्या मागे येतं. गुलाबी तुमच्या तोंडापुढच्या चौथ्या चौकोनावर जाऊन तुम्हाला गाठायला बघतं. नारिंगी दूर असेपर्यंत पाठलाग करतं, आठ चौकोनांच्या आत आलं की बिचकून कोपऱ्याकडे पळतं. हे एकदा दिसलं की चक्रव्यूह वाचता येतो.

आता खरी मौज. तुम्ही वर तोंड करून चालत असलात तर मूळ कार्यक्रमातल्या एका चुकीमुळे गुलाबी भुताचं लक्ष्य चार चौकोन वर आणि शिवाय चार चौकोन डावीकडे सरकतं. म्हणजे वर तोंड केलं की त्याला फसवता येतं. जगातले तरबेज खेळाडू या चुकीवर खेळतात. फोनवरच्या नकला कोणीतरी नव्याने लिहिलेल्या, त्यांत ही चूक असेलच याचा भरवसा नाही. आणि २५६ वा टप्पा! टप्प्यांची मोजणी आठ बिटांत केलेली, ती तिथे भरून वाहते आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. तीही गेमच आहे माझ्या लेखी. माडाची_सावली, तुमच्या सौभाग्यवतींच्या प्रश्नाला माझं हे उत्तर: फोनवर दिसते ती पॅकमॅन, पण आतली भुतं निराळी असू शकतात.

तसं संग्रहातही सगळं मूळचं नसतं. २०२२ च्या पॅकमॅन म्युझियम प्लसमध्ये मिस पॅकमॅन नाहीच, हक्कांच्या भांडणामुळे. जी गेम अनेकांना मूळ पॅकमॅनपेक्षा सरस वाटते तीच गैरहजर. यादी वाचल्याशिवाय काही घेऊ नका.

घाटावरचा, कोल्हापूर · १३ ऑगस्ट
भुतांचं वाचलं, मान्य. तरी विकत घेतलेलं उद्या राहील याची काय खात्री? डिसेंबर २०२४ मध्ये सेगा कंपनीने आपल्या मेगा ड्राइव्ह या घरच्या यंत्राच्या गेम्सचे जुने संग्रह दुकानांतून काढले. मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम टू २०१३ च्या शेवटी गायब झाली ती थेट २०२४ ला परत आली.

नवा_पाटो, पणजी · १३ ऑगस्ट
खरं आहे. सेगाचे ज्यांनी आधी घेतले होते त्यांना ते अजून उतरवता येतात, नव्या माणसाला मात्र मिळत नाहीत. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अभ्यास केला, त्यात अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज कुठेच विकत मिळत नाहीत असं निघालं. तुमचाच मुद्दा उलटा लागू होतो. मिळतंय तोवर घ्या.

गावठाण_४०३, म्हापसा · १४ ऑगस्ट
पाच_मुखी यांच्या पोस्टवर विचार करत होतो. माझी मुलगीही आधी कंटाळली होती. कारण माझ्या लक्षात आलं ते असं: संग्रहात नाणं टाकायचं बटण असतं, दाबाल तितकी नाणी. मेलात, दाबा. मेलात, दाबा. चाळीस मिनिटांत गेम संपते आणि हाताला काहीच लागत नाही. या गेम्सची सगळी रचना आपला रुपया काढून घेण्यासाठी होती, रुपयाच नाही म्हटल्यावर जीव कशाला वाचवायचा?

आम्ही घरात नियम केला. टीव्हीपुढे वाटी, वाटीत तीन खरी नाणी. बटण दाबायचं तर एक नाणं उचलून माझ्याकडे द्यायचं. तिन्ही संपली की टीव्ही बंद, उद्या भेटू. चौथ्या दिवशी ती माझ्याआधी उठून बसली होती.

पाच_मुखी, सावंतवाडी · १४ ऑगस्ट
हे करून बघतो. मनापासून आभार.

डिचोलीकर · १५ ऑगस्ट
माडाची_सावली, तिघांसाठी माझा सल्ला: कॅपकॉम बीट एम अप बंडल, २०१८ चं. सात गेम्स. फायनल फाइट दोघांचीच आहे. नाइट्स ऑफ द राउंड आणि द किंग ऑफ ड्रॅगन्स तिघांच्या, कॅप्टन कमांडो चौघांची, वहिनींनाही घ्या. आर्मर्ड वॉरियर्स आणि बॅटल सर्किट तर या बंडलआधी घरच्या कुठल्याच यंत्रावर आल्या नव्हत्या. मुस्तफाची चव हवी असेल तर हात त्याच स्वयंपाकघराचा आहे.

माडाची_सावली, म्हापसा · २ सप्टेंबर
सगळ्यांचे आभार. बंडल सेलमध्ये मिळालं. उभा_पडदा यांचं ऐकून गेम मोड लावला, पॅड आधी १९४३ वर तपासले.

दीड दिवसाचा गणपती. विसर्जन करून ओल्या कपड्यांनी घरी आलो, पावसाने लाइट गेली होती, नऊला आली. मुलं झोपली. धाकट्याला मुस्तफा नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. मग नाइट्स ऑफ द राउंड लावली. तीनच सरदार आहेत त्यात, आर्थर, लॅन्सलॉट आणि पर्सिव्हल. मधला आणि धाकटा आपापला निवडून मोकळे झाले आणि मला उरला तो पर्सिव्हल. कोणी काही बोललं नाही, पण तिघेही एकाच वेळी हसलो.

आई दारात पाटावर बसून उरलेल्या नेवऱ्या डब्यात भरत होती. गावठाण_४०३ यांचा वाटीचा नियम मी तिला सांगितला. ती उठली, देवाच्या खोलीतल्या फडताळातून तीन रुपये आणले आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवला. एक रुपया म्हणजे एकच नाणं, असं तिने स्वतः बजावलं. त्या गेममध्ये वार अडवायचा तर हल्ल्याचं बटण दाबून लगेच मागे ओढावं लागतं. मला ते जमेना. धाकटा पडद्यावरून नजर न काढता माझ्या पॅडवर आपलं बोट ठेवून वेळ दाखवत होता, अगदी पार्लरमध्ये मी त्याला दाखवायचो तसं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता, स्टूलवर उभा राहायचा.

तिसऱ्या टप्प्यात मी गेलो, चौथ्यात ते दोघे. मधल्याने सवयीने बटणाकडे बोट नेलं. आई म्हणाली, शुक्रवार येऊ दे.

धाकटा काल परत गेला. जाण्याआधी विमानतळावर बसून त्याने स्वतःसाठी तेच बंडल घेतलं. त्यात ऑनलाइन खेळता येतं. या शुक्रवारी आपल्याकडचे साडेनऊ, त्याच्याकडचे आठ. मधला माझ्याच घरी येतोय.

सोल्डरचा_वास, मडगाव · २ सप्टेंबर
वाचून फार बरं वाटलं. शुक्रवारी लॅपटॉपला वायफायऐवजी सरळ नेटची केबल लावा, म्हणजे अडवायची वेळ चुकणार नाही. आणि तुमच्या पॅडचं एखादं बटण अडकायला लागलं तर फेकू नका, मडगावला घेऊन या.